घरच्या नॅसपर्यंत बाहेरगावाहून पोहोचताना

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, फायली साठवण्याची पेटी) घेतला आणि त्यावर आई-वडिलांच्या काळातील फोटोंचे स्कॅन, घरातील लग्नांचे व्हिडिओ व जमिनीची कागदपत्रे ठेवली. घरच्या वाय-फायवर सर्व सुरळीत उघडते. मुलगी बंगळुरूला नोकरी करते. तिलाही ते पाहता यावे म्हणून राउटरमध्ये ५००१ क्रमांकाचे पोर्ट फॉरवर्ड केले (म्हणजे बाहेरून त्या क्रमांकावर येणारी मागणी नॅसकडे वळवली) आणि डायनॅमिक डीएनएसचे, म्हणजे घरचा पत्ता बदलला तरी तिथेच नेणारे, नावही घेतले, तरी तिच्याकडे काहीच उघडत नाही. दुकानदार म्हणतो नॅसमध्ये दोष नाही, इंटरनेटवाले म्हणतात लाइन चालू आहे. राउटरच्या माहितीत वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) म्हणून १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सगळा संबंध त्याचाच आहे, आणि तो आकडा आपण आवर्जून कळवलात म्हणून निदान सोपे झाले. दुकानदार आणि इंटरनेटवाले दोघेही खरे बोलत आहेत. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे पुष्कळ सेवा पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात आणि आतल्या प्रत्येक ग्राहकाला १००.६४ ते १००.१२७ या, २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातला पत्ता देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. जुन्या वाड्यातील बिऱ्हाडासारखी ही स्थिती आहे. आपण आपल्या खोलीचे दार उघडे ठेवले आहे, पण दिंडीदरवाजाची किल्ली पुरवठादाराकडे आहे आणि आलेला पाहुणा कोणत्या बिऱ्हाडाकडे पाठवायचा हे तिथे कुणी सांगून ठेवलेले नाही. डायनॅमिक डीएनएसने घेतलेले नावही त्या दिंडीपर्यंतच नेऊन सोडते.

खात्री करून घ्यायची असेल तर आपला आयपी पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ घरच्या वाय-फायवर उघडावे. तिथला पत्ता आणि राउटरवरचा वॅन आयपी वेगळे असतील, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर आणखी एकही संध्याकाळ घालवू नये.

पुरवठादाराकडे स्वतंत्र स्थिर आयपी मागता येतो; अनेक जण तो जादा शुल्क घेऊन देतात. मात्र तो मिळाला तरी नॅसचे पोर्ट इंटरनेटवर थेट उघडे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या उपकरणांवरील माहिती हल्लेखोरांनी दूरवरूनच पुसून टाकली, आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप नॅसमधील फायली कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. आपले पोर्ट उघडले नाही हे त्या दृष्टीने बरेच झाले. राउटरमधील ती नोंद आता काढून टाकावी आणि यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना राउटरची पोर्टे आपोआप उघडू देणारी सोय, तीही बंद करावी.

आपल्यासाठी योग्य मार्ग खासगी बोगद्याचा, म्हणजे व्हीपीएनचा आहे. टेलस्केल ही वायरगार्ड या व्हीपीएन-तंत्रावर आधारलेली सेवा घरगुती वापरासाठी पुरेशी आहे. दिंडी बाहेरून येणाऱ्याला अडवते, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. म्हणून नॅस आणि मुलीचा फोन दोघेही आपापल्या बाजूने बाहेर पडतात, सेवेचा सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो आणि पुढची देवाणघेवाण बहुतेक वेळा थेट त्या दोघांतच, कुलूपबंद स्वरूपात होते. थेट जोडणी जमली नाही तर ती मधल्या सर्व्हरमार्फत, जरा संथ चालते.

नॅसच्या ॲप-दालनातून टेलस्केल बसवून आपल्या खात्याने लॉगिन करावे आणि मुलीला तिच्या स्वतःच्या खात्यावर निमंत्रण पाठवावे. पासवर्ड वाटून घेऊ नये. नॅसला जो नवा पत्ता मिळेल तोही १०० नेच सुरू होईल, कारण टेलस्केल तोच राखीव पट्टा वापरते. त्यामुळे हा पत्ता आणि राउटरवरचा पत्ता यांची गल्लत होऊ देऊ नये. मुलीने आपल्या फोनवर टेलस्केल चालू ठेवून फोटोंच्या ॲपमध्ये हा नवा पत्ता टाकला की काम झाले. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल (समोरच्या यंत्राच्या ओळखीच्या दाखल्याबद्दल) इशारा दिला, तर तो इशारा बहुधा पत्ता आकड्यांत लिहिल्यामुळे असतो. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते : टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राची किल्ली सहसा १८० दिवसांनी बाद होते. व्यवस्थापनाच्या पानावर नॅसपुरती ही मुदत बंद केली नाही, तर सहा महिन्यांनी एक दिवस सारे अचानक थांबेल आणि आपण पुन्हा राउटरशी झटापट करत बसाल.

चाचणी घेताना फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर घ्यावी, अन्यथा घरातल्या घरात जोडणी होऊन फसगत होते.

वेगाबद्दलही आधीच सांगून ठेवतो. मुलीचा डाउनलोड म्हणजे आपल्या घरचा अपलोड. आपला अपलोड २० एमबीपीएस असेल, तर ४ एमबीचा फोटो दीड-दोन सेकंदांत जाईल, पण २ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ पूर्ण उतरायला सुमारे १३ मिनिटे लागतील. आणि जमिनीची कागदपत्रे आहेत म्हणून सांगतो, दोन डिस्कवर तीच माहिती असणे म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. एक यूएसबी डिस्क महिन्यातून एकदा जोडून, प्रत काढून, कपाटात ठेवावी.

प्रश्न : बाहेरून केव्हाही वापरायचा तर नॅस चोवीस तास चालू ठेवावा लागेल. विजेचे बिल किती वाढेल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फारसे नाही. दोन डिस्कचा नॅस सरासरी १८ वॅट घेतो असे धरले, तर महिन्याला सुमारे १३ युनिट होतात. वीज जाते तिथे नॅस, राउटर आणि फायबरची पेटी ही तिन्ही एकाच यूपीएसवर ठेवावीत, आणि वीज परतल्यावर नॅस आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये चालू करावी. नाहीतर आपण गावाला आणि नॅस बंद, अशी गत होते. वापर नसताना डिस्क थांबवण्याची सोयही असते, फक्त मग बाहेरून उघडलेला पहिला फोटो डिस्क फिरू लागेपर्यंत काही सेकंद उशिरा दिसतो.