लायब्ररियनला सांगून टक्के कमी करून मिळतात का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी संतसाहित्यावर पीएच.डी. करतेय. थिसिस युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत चेकिंगला दिला तर सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, २७ टक्के आली. गाईड म्हणतात लायब्ररियनला भेट, १० च्या खाली आणून देतील. पण त्या मॅडम सरळ नाही म्हणाल्या. हे त्यांचं काम नाही का?

उत्तर : नाही, आणि मॅडम नाही म्हणाल्या ते बरंच झालं. अहो, रिपोर्ट काढणं त्यांचं काम, आकडा पाडणं नाही. थिसिस उद्या शोधगंगावर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाणार, तिथे जगात कुणीही उघडून बघणार, मग कुणी बोट दाखवलं तर गाईड कुठे असतील देव जाणे!

पण त्यांच्याकडे परत जा, फक्त मागणी बदला. टक्क्यांचं पहिलं पान नको, पूर्ण रिपोर्ट दाखवा म्हणा, त्यात कुठली ओळ कुठून मॅच झाली ते रंगाने दिसतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नीट श्रेय दिलेली अवतरणं मोजायचीच नसतात, सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळलेले शब्दही नाहीत. हे फिल्टर लावलेत का ते विचारा, तो तुमचा हक्कच आहे. तुमच्या विषयात मला एक शंका येतेय, ओव्या-अभंग अवतरणचिन्हांशिवाय टाकलेत का? तसं असेल तर सॉफ्टवेअरला ज्ञानेश्वर कोण आणि तुम्ही कोण हे कळत नाही, सगळं कॉपी म्हणून धरतं. चिन्हं घाला, ओवी क्रमांक द्या, पुन्हा चेक करा.

एवढं करूनही उरलं ते खरंच उचललेलं असतं, बहुतेक प्रस्तावना आणि पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात, तिथे सगळेच घसरतात. ते स्वतः लिहा. पॅराफ्रेझ करून, म्हणजे तेच वाक्य शब्द बदलून, देणाऱ्या साइटवर टाकू नका प्लीज, ती ‘भक्तिमार्गा’चा ‘श्रद्धा रस्ता’ सुद्धा करून ठेवेल. संदर्भ कसे द्यायचे, मूळ लेख कुठे मिळेल, हे मात्र मॅडमना खुशाल विचारा, त्यासाठीच त्या बसल्यात.

आणि घाबरू नका, १० ते ४० टक्क्यांत थिसिस रद्द होत नाही, जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारून परत द्यायला सांगतात. ४० च्या वर गेलं की वर्षभर देताच येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द.