अहवालातील ती एक ओळ याच आठवड्यात लिहून घ्या

तुम्ही लिहिले आहे की तुम्हाला 13 आठवडे 2 दिवस झाले आहेत, सोनोग्राफीच्या अहवालात ‘जुळा गर्भ, दोन्ही जिवंत’ एवढाच उल्लेख आहे, डॉक्टरांनी ‘दोन पिशव्या आहेत, काळजी करू नका’ असे सांगितले आहे आणि सासूबाईंचा आग्रह सहाव्या महिन्यापासून अंथरुणावरच राहावे असा आहे. त्यापुढे तुम्ही आहार, विश्रांती आणि तपासण्यांची संख्या विचारली आहे. ते सर्व नंतर पाहू. आधी दोन्ही बाळांची वार (प्लॅसेंटा, म्हणजे जिच्यातून बाळाला आईकडून पोषण मिळते ती) एक आहे की दोन, ही ओळ अहवालात लिहून घ्या. तुमच्या पोस्टमधील ‘दोन पिशव्या’ हे शब्द वाचून मला माझी साडेपाच वर्षांपूर्वीची फाईल आठवली, कारण याच दोन शब्दांवर विसंबून मी गरोदरपणातील सर्वांत महाग चूक केली होती.

मी डॉक्टर नाही, केवळ जुळ्यांची आई आहे. त्यामुळे पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढाच समजावा. लोह, फॉलिक ॲसिड, धनुर्वाताची लस यांविषयी तुम्हाला आतापर्यंत सांगितले गेले असेलच, म्हणून ते येथे लिहीत नाही.

दोन पिशव्या म्हणजे दोन वेगळ्या वारा, असा अर्थ मी घेतला होता आणि तो चुकीचा होता. प्रत्येक बाळ आपापल्या पाण्याच्या पिशवीत असूनही दोघांची वार एकच असू शकते. दोघांना दोन वारा असतील तर बहुतेक ठिकाणी साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते आणि सर्व ठीक असल्यास 37 आठवड्यांच्या सुमारास प्रसूती करतात. वार एकच असेल तर तिच्यातील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक जाण्याचा धोका असतो. अशा शंभर जोड्यांपैकी सुमारे दहा ते पंधरा जोड्यांत हा त्रास उद्भवतो आणि तो आईला प्रारंभी जाणवेलच असे नाही. म्हणून 16 व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी दोन्ही बाळांभोवतीचे पाणी, त्यांची मूत्राशये आणि वाढ पाहावी लागते, आणि प्रसूतीही 36 आठवड्यांच्या आसपास ठरवली जाते. थोडक्यात, तुमच्या उरलेल्या सहा महिन्यांचे वेळापत्रक वारा एक की दोन या एकाच उत्तरावर अवलंबून आहे.

हे उत्तर सर्वांत विश्वासाने मिळते ते 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान. दोन बाळांमधील पडदा वारेला जेथे मिळतो तेथे वारेचा त्रिकोणी कोंब पडद्यात घुसलेला दिसला तर त्यास ‘लॅम्डा’ चिन्ह म्हणतात आणि ते दोन वारांचे लक्षण मानतात. पातळ पडदा काटकोनात सरळ येऊन टेकलेला दिसला तर ते ‘टी’ चिन्ह, म्हणजे वार एकच. पुढे पडदा पातळ होत जातो, दोन वारा शेजारी असल्या तर मिळून एकच गोळा झाल्यासारख्या दिसतात, आणि चांगल्या यंत्रावरही तज्ज्ञ ठामपणे सांगू शकत नाहीत.

माझी पहिली सोनोग्राफी संगमनेरात 12 व्या आठवड्यात, म्हणजे अगदी योग्य वेळी झाली. त्या केंद्राचे नाव लिहिणार नाही. अहवालात ठोके, लांबी आणि प्रसूतीची अंदाजे तारीख होती. वारांविषयी एक शब्दही नव्हता. मी विचारले नाही, कारण विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. पुढे 20 व्या आठवड्यात नाशिकला गर्भवैद्यक तज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, ‘बाराव्या आठवड्याच्या प्रतिमा कुठे आहेत?’ माझ्याकडे होता तो थर्मल कागदावरचा एक फोटो, आणि तो फाईलच्या प्लास्टिकला चिकटून करडा पडला होता. त्या तज्ज्ञांनी अर्धा तास प्रयत्न करून सांगितले की आता खात्री देता येत नाही, आणि खात्री नसताना वार एकच आहे असे धरूनच चालणे सुरक्षित.

त्यानंतर माझे पती संगमनेरच्या त्या केंद्रात तीन वेळा गेले. पहिल्या खेपेस डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्या खेपेस लेखी अर्ज मागितला, आणि तिसऱ्या खेपेस तोच जुना अहवाल नव्या तारखेच्या शिक्क्यासह हाती दिला व यंत्रातील प्रतिमा पुसल्या गेल्याचे सांगितले. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यान्वये सोनोग्राफीची कागदपत्रे केंद्राने दोन वर्षे जपून ठेवायची असतात, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. गरोदरपणातील सोनोग्राफीच्या वेळी याच कायद्यान्वये भरायचा माझ्या सहीचा ‘एफ’ फॉर्म त्यांनी जपला होता, एवढे मात्र खरे. आजही तो काउंटर आठवला की माझा आवाज चढतो, म्हणून हा विषय येथेच सोडते.

परिणाम असा झाला की 20 ते 34 आठवड्यांदरम्यान दर पंधरवड्याला संगमनेर ते नाशिक आणि परत, जवळजवळ दीडशे किलोमीटर, वाढत्या पोटाने प्रवास करावा लागला. एकूण आठ सोनोग्राफी झाल्या, आणि प्रत्येक वेळी ‘आज काही निघाले तर?’ ही धास्ती आदल्या रात्रीपासून सोबत असे. प्रसूती 36 आठवड्यांना ठरवून झाली. एक मुलगा आणि एक मुलगी! मुलगा-मुलगी अशी जोडी दोन वेगळ्या बीजांपासून होते आणि अशा जोडीच्या वारा जवळजवळ नेहमी वेगळ्याच असतात. नंतर डॉक्टरांनी दाखवलेली वार दोन वारा चिकटून एक झालेली होती.

ज्या देशांत लिंग सांगण्याची मुभा आहे, तेथे अशा संभ्रमात बाळांची लिंगे भिन्न दिसली की प्रश्न मिटतो. आपल्याकडे शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे ते सांगणे गुन्हा आहे, आणि तो कायदा असायलाच हवा असे माझे ठाम मत आहे. परंतु त्यामुळेच आपल्याकडे बाराव्या आठवड्याची ती एक ओळ अधिक मोलाची ठरते, कारण ती चुकली तर नंतरचा सर्वांत सोपा पुरावा आपल्याला उपलब्धच नसतो. मुलीचे वजन 1.9 किलो भरले आणि तिला तीन दिवस अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले. आणखी एक आठवडा मिळता तर हे टळले असते काय, ते मला सांगता येणार नाही. तो विचार मात्र मनातून गेलेला नाही.

आता तुमचे इतर प्रश्न. सरसकट अंथरुणावर पडून राहिल्याने जुळ्यांची अकाली प्रसूती टळते असे सिद्ध झालेले नाही. उलट पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सासूबाईंशी वाद घालू नका, डॉक्टरांसमोर त्यांनाच प्रश्न विचारू द्या. आमच्या घरी एवढ्यानेच काम झाले. आहाराच्या बाबतीत ‘आता तिघांचे जेव’ हा सल्ला सातव्या महिन्यात निरुपयोगी ठरतो, कारण पोटात जागाच उरत नाही. मी दर दोन तासांनी थोडे थोडे, म्हणजे नाचणीची पेज, उसळ, अंडे, ताक असे घेत होते. लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर आणि चहाबरोबर घेऊ नका. जोडकेळे खाल्ले होते का, असे विचारणारे निदान दहा जण भेटतील, त्यांना हसून हो म्हणावे. डोहाळजेवण मात्र सहाव्या महिन्यातच उरकून घ्या. सातव्यात मला पाटावर बसताही येत नव्हते.

जुळ्यांत रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढण्याचा संभव अधिक असतो, त्यामुळे घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असणे मला तरी सर्वांत उपयोगी खरेदी वाटली. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, तळहात-तळपायांना असह्य खाज, पाणी जाणे किंवा दोन-चार दिवसांत पोट एकाएकी ताणून दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. प्रसूतीचे रुग्णालय निवडताना खोलीचे दर विचारण्यापूर्वी, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष त्याच इमारतीत आहे काय आणि एका वेळी दोन खाटा मिळतील काय, हे विचारा. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावतात. तिचा संकोच बाळगू नका, त्या खुणेमुळे लक्ष अधिक दिले जाते.

तरी यांतले काहीही पुढच्या आठवड्यात करता येईल, वारांचा प्रश्न सोडून. आज मंगळवार आहे. तुमच्या हिशेबाप्रमाणे शनिवारी 13 आठवडे 6 दिवस होतील. आधी सध्याच्याच केंद्रात फोन करून त्या दिवशीच्या प्रतिमांवरून वारांची नोंद लेखी मिळते का ते पाहा. उद्या दुपारपर्यंत ठोस उत्तर आले नाही तर थांबू नका, जुळ्यांची तपासणी नेहमी करणाऱ्या तज्ज्ञांची गुरुवार किंवा शुक्रवारची वेळ घ्या. जाताना पहिला अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्ड घ्या, कारण ‘एफ’ फॉर्म पुन्हा भरावा लागेल. खाटेवरून उठण्यापूर्वी विचारा की वारा किती आहेत आणि ते अहवालात लिहिणार का, आणि तो पडदा दिसणारी प्रतिमा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. थर्मल कागदावर मिळाली तर दाराबाहेर पडल्याबरोबर मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा.