आभार घशात अडकतात तेव्हा

प्रश्न : नमस्कार ताई, नाव छापू नका प्लीज. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, पावणेदोन वर्षं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीन वेळा आणि दर वेळी चार तास. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. मी फार देवदेव करणारी नाही पण श्रद्धा आहे, हात जोडल्याशिवाय कधी झोपले नाही. आता हात जोडते पण शब्दच येत नाहीत. नातेवाईक सांगतात की देवाचे आभार मान, माणूस डोळ्यांसमोर आहे, कितीजणांचं याहून वाईट असतं. खरंय ते, पण आभार म्हणायला गेलं की घशात काहीतरी अडकतं, मग राग येतो आणि मग त्या रागाचीच भीती वाटते. सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे त्यांच्या हातावर फिस्टुलाच्या जागी, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलीय तिथे, बोट ठेवून रक्त वाहण्याची थरथर लागते का बघायचं, रोज बघा असं टेक्निशियनने सांगितलंय. ती लागली की मी श्वास सोडते आणि कामाला लागते. बाकी दिवसभर देव आठवतो तो भांडायलाच. माझी श्रद्धा संपली का हो?

उत्तर : नाही ताई, संपलेली नाही. संपली असती तर भांडायला तरी कोण उरलं असतं? ज्याच्याशी नातं तुटलं त्याच्याशी माणूस दिवसभर भांडत बसत नाही.

तुम्हाला आभार मानायला सांगणारे वाईट हेतूने सांगत नाहीत, पण त्यात एक गल्लत होते असं मला फार वाटतं. दुःखाबद्दल आभार मानणं वेगळं आणि दुःखात असताना आभार मानणं वेगळं. बायबलमध्ये थेस्सलनीकाकरांच्या पत्रात एक वाक्य आहे, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा'. स्थितीत म्हटलंय, स्थितीबद्दल नाही म्हटलेलं. किडनी गेली त्याबद्दल थँक्यू म्हणा असं कुठल्याही देवाने तुमच्याकडे मागितलेलं नाही, हे आधी मनातून काढून टाका. आणि 'कितीजणांचं याहून वाईट आहे' हे तर मला कधीच पटलं नाही, कारण त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखावर उभं राहून आभार मानायचे असतात, आणि उद्या आपलंच सगळ्यात वाईट झालं तर मग काय म्हणायचं?

आता तुकोबांचं बघा. त्यांचा अभंग सगळ्यांच्या ओठावर असतो, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली', आणि संकटात असलेल्या माणसाला तो पटकन ऐकवला जातो. पण त्यातली क्रियापदं बघा, जालें, निघालें, केली, सगळं होऊन गेलेलं आहे. १६३० च्या सुमाराचा तो भयानक दुष्काळ, धंदा बुडाला, अब्रू गेली, पहिली बायको 'अन्न अन्न करितां मेली' असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ती अन्नासाठी तळमळत असताना तुकोबा बाजूला बसून 'बरें जालें' म्हणत होते असं मला तरी वाटत नाही, ते बोल मागे वळून बघणाऱ्या माणसाचे आहेत. आणि त्याच तुकोबांच्या गाथेत 'माझे लेखी देव मेला' असाही अभंग आहे. देव मेला म्हणणारा आणि बरं झालं देवा म्हणणारा माणूस एकच, आणि दोन्ही वेळा बोलणं विठ्ठलाचंच चाललंय. तुम्ही सध्या 'देव मेला' म्हणणाऱ्या अभंगापाशी आहात असं समजा. 'बरें जालें'चा कधी येईल, येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही आणि तो यावाच म्हणून कुणी तुमच्यामागे लागूही नये.

कुंतीचंही तसंच. भागवताच्या पहिल्या स्कंधात ती कृष्णाकडे संकटंच मागते, कारण संकटात त्याचं दर्शन होतं. फार मोठं मागणं आहे ते, पण युद्ध संपल्यावर, कृष्ण निरोप घेऊन निघालेला असताना, इतकी वर्षं त्याने कसकसं सांभाळलं ते आठवून तिने स्वतःच्या तोंडाने ते मागितलंय. ते दुसऱ्याने आपल्या वतीने मागायचं नसतं.

माझं सांगते. आई पक्षाघाताने चौदा महिने अंथरुणाला होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला लागायची, रात्रीसुद्धा, आणि तेव्हा मीही देवाशी बोलणं बंद केलं होतं, अगदी रागाने. एकदा रात्री दोनच्या अलार्मला उठले, तिच्या अंगाखालची चादर ओढून सुरकुत्या काढत होते, केस सुटून सगळे तोंडावर आलेले, आणि तिने चांगल्या असलेल्या डाव्या हाताने ते हळूच माझ्या कानामागे सारले. बोलता येत नव्हतं तिला. मी तशीच चादरीचं टोक हातात धरून उभी राहिले आणि मनात देवाला म्हटलं, आजाराबद्दल मी तुला काही म्हणणार नाही, पण हे मला दिसलं. बस एवढंच. आभार हा शब्दसुद्धा नव्हता त्यात. आई बरी झाली नाही, पुढे पाच महिन्यांनी गेली, पण माझं बोलणं त्या रात्रीपासून परत सुरू झालं.

तर तुम्ही आभार मानायचा प्रयत्न सध्या सोडा. हात जोडाल तेव्हा आधी तक्रार सांगा, पूर्ण, न कापता. मग दिवसभरातलं एखादं खरंच घडलेलं सांगा, आज सुई पहिल्याच वेळी नीट बसली, आज घरी येताना ते स्वतःहून दोन शब्द बोलले. काहीच नसेल तर काही नाही म्हणून सांगा. आणि ताई, ते सकाळचं बोट ठेवणं. थरथर लागली की तुम्ही जो श्वास सोडता तो कुणाच्या दिशेने सोडता? मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत होतं की पावणेदोन वर्षं रोज सकाळी तुम्ही आभार मानताय आणि तुम्हालाच ते माहीत नाही.

एक मात्र मनावर घ्या, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ते श्रद्धा कमी पडली म्हणून होत नाही, डॉक्टरांना स्वतःसाठी भेटा. आणि आठवड्यातला एक डायलिसिसचा दिवस दुसऱ्या कुणावर सोपवता येतो का बघा, आभार मान म्हणणाऱ्यांपैकीच एकाला विचारा.

प्रश्न : माझी नोकरी गेली त्याला सात महिने झाले. मोबाईलमध्ये ग्रॅटिट्यूडचं ॲप आहे, रोज आभार मानण्यासारख्या तीन गोष्टी लिहितो, पण आता तेच तेच लिहिलं जातं, मनापासून वाटत नाही. ही प्रार्थना धरायची का?

उत्तर : लिहिण्याचा उपयोग होतो, रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहीजणांना चांगल्या गोष्टी लिहायला दिल्या होत्या, काहींना कटकटी, आणि चांगलं लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. पण त्यातल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात लिहायचं होतं आठवड्यातून एकदा. तेव्हा रोजचा हिशोब बंद केलात तरी चालेल. प्रार्थना म्हणाल तर यादीत समोर कुणी नसतं, प्रार्थनेत असतं, एवढाच फरक मला दिसतो. 'मित्राचा फोन आला' याऐवजी 'देवा, आज त्याचा फोन आला, मी उचलणार नव्हतो, उचलला' असं लिहून बघा. आणि ज्या दिवशी मनापासून वाटत नाही त्या दिवशी तसंच लिहा, 'आज काही वाटत नाहीये'. तेही त्यालाच सांगायचं.