डोंबिवलीहून आई-बाबांना मैफलीला कुठे न्यावं?

सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना एकदा तरी मोठ्या सभागृहात शास्त्रीय गाणं ऐकवायचंय, तर सायनजवळचं षण्मुखानंद सभागृह बरं की नरिमन पॉइंटचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), असं तुम्ही विचारलंय. शिवाय नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरची एखादी कॉन्सर्ट तिघांनी मिळून बघावी का, हेही. मीही डोंबिवलीकर आणि पंचवीसेक वर्षं गाण्यापायी लोकलचे धक्के खातोय, म्हणून सविस्तर लिहितो.

शास्त्रीय गाण्यासाठी डोळे मिटून एनसीपीएचं टाटा थिएटर. १९८० साली ते सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं. माइकचा आधार न घेता आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा, याच हिशेबाने ते बांधलंय. खुर्च्या हजारेक आणि त्या मंचाभोवती पंख्यासारख्या पसरलेल्या, त्यामुळे मागे बसूनही गायक लांब वाटत नाही.

माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांना पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा अगदी मागची तिकिटं मिळाली होती. तानपुरे जुळत होते. बाबा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "पंचम जरासा उतरलाय." तेवढ्यात तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीने खुंटी पिळली आणि बाबांनी समाधानाने मान डोलावली. एका कानाने कमी ऐकू येणारा माणूस हा! सभागृह चांगलं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

षण्मुखानंदबद्दलही मला आपुलकी आहे. १९९० च्या आगीनंतर ते नव्याने उभं राहिलं. पण अडीच हजारांवर खुर्च्या आणि दोन बाल्कन्या असल्यावर तुम्ही गाणं ऐकता ते मुख्यतः स्पीकरमधून. वाद्यवृंद, मोठा नृत्याचा कार्यक्रम असेल तर जरूर जा. फक्त स्वस्त पडतं म्हणून वरच्या बाल्कनीचं तिकीट काढू नका. अंधारात त्या पायऱ्या म्हाताऱ्या गुडघ्यांना नको होतात. खालीच बसा.

आता येण्याजाण्याचं. नरिमन पॉइंट लांब वाटतं, पण परतताना गाडी सीएसएमटीहूनच सुटते, म्हणजे बसायला जागा मिळते. षण्मुखानंदहून सायनला आलात की भरलेल्या गाडीत चढावं लागतं, आणि आईबाबा बरोबर असताना रात्री दहाला ते फार जड जातं. रविवारी सकाळचा किंवा दुपारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघाच.

डी. वाय. पाटीलला आई-बाबांना नेऊ नका, हे मनापासून सांगतो. उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर मनाई असते, सवलत मिळते ती वर्षातल्या मोजक्या दिवशी. बंदिस्त सभागृहाला हे बंधन नाही. त्यामुळे मैदानावरचा कार्यक्रम दहाला थांबतो आणि हजारो माणसं एकदम रस्त्यावर येतात. अशाच एका मैदानी कॉन्सर्टनंतर मी आणि बायको पाऊण तास रिक्षा शोधत चाललो होतो, पाण्याची बाटलीसुद्धा मिळेना. तेव्हा चाळिशीत होतो म्हणून निभावलं. तुम्ही मित्रांबरोबर जा, मजा येईल. नेरूळहून ठाण्याची आणि ठाण्याहून डोंबिवलीची शेवटची गाडी कितीला आहे ते तिकीट काढण्याआधी बघून ठेवा.

आणि एक. बाबांना एवढा वेळ बसवेल की नाही अशी शंका असेल, तर आधी आपल्या घरडा सर्कलजवळच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात एखादा कार्यक्रम गाठा. घर जवळ, मध्यंतरात उठून आलात तरी हळहळ नाही. तिथे ते रमले की मग टाटा थिएटरची तिकिटं काढा, कडेच्या खुर्च्या बघून. एसी गार असतो, आईसाठी शाल पिशवीत असू द्या.