हेमी कुडा कन्व्हर्टिबल: अकराच का बनल्या?

प्रश्न (ठाणे): माझा भाचा डेट्रॉइटला असतो, त्याने १९७१ च्या प्लिमथ हेमी कुडाचा फोटो पाठवला, टप उघडा असलेली. म्हणतो अशा फक्त ११ गाड्या बनल्या. कंपनीने मुद्दाम लिमिटेड एडिशन काढली होती का?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. प्लिमथ हा क्रायस्लर कंपनीचा ब्रँड, कुडा म्हणजे त्यांच्या बॅराकुडा मॉडेलची ताकदवान आवृत्ती आणि हेमी हे तिच्यात मिळणारं महागडं इंजिन. यादीत ऑप्शन होता, शोरूममध्ये जाऊन कोणीही ऑर्डर देऊ शकत होतं, पण दिली कोणी नाही, एवढंच. १९७० साली अशा १४ बनल्या आणि १९७१ साली ११, त्यातल्या अमेरिकेत ७ विकल्या गेल्या आणि त्या सातात हाताने गिअर टाकायच्या, म्हणजे फोर स्पीड, फक्त २.

कारण पैसा. कुडा कन्व्हर्टिबल साधारण ३,४०० डॉलरला यायची आणि हेमी इंजिन पाहिजे तर वर अजून आठशेच्या पुढे डॉलर, म्हणजे गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा नुसत्या इंजिनला. शिवाय त्या काळात इन्शुरन्सवाल्यांनी जास्त ताकदीच्या गाड्यांचे प्रीमियम इतके वाढवले होते की पंचवीस वर्षांच्या पोराला, म्हणजे ज्याला ही गाडी सगळ्यात जास्त हवी असायची त्यालाच, ती परवडेना. आणि ज्याला खरंच रेस लावायची तो उघड्या टपाची कशाला घेईल, तो हार्डटॉप, म्हणजे पक्क्या टपाची घ्यायचा, कारण बॉडी कडक आणि वजन कमी. त्याच दुकानात ४४० क्युबिक इंचाचं तीन कार्ब्युरेटरवालं इंजिन बऱ्याच स्वस्तात मिळायचं, रस्त्यावर ते हेमीच्या फार मागे नसायचं आणि ट्रॅफिकमध्ये त्रास कमी. मग हेमी पण आणि कन्व्हर्टिबल पण असं मागणारा माणूस उरणार किती? मला तर या गाडीची हीच गोष्ट सगळ्यात जास्त भिडते, की आज जिच्यासाठी लोक जीव टाकतात तिला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं.

१९७१ नंतर हेमी बंदच झालं आणि बॅराकुडा हे मॉडेल १९७४ च्या एप्रिलमध्ये संपलं.

प्रश्न (कोल्हापूर): हेमी म्हणजे नक्की काय? त्या इंजिनात एवढं विशेष काय होतं?

उत्तर: नाव अर्धगोलावरून आलंय. सिलिंडरच्या डोक्यावरचा कंबशन चेंबर अर्ध्या गोळ्यासारखा, व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसवलेले आणि स्पार्क प्लग जवळपास मधोमध. असं केल्यामुळे व्हॉल्व्ह मोठे बसवता येतात, हवा एका बाजूने आत येते आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर जाते, वळसा कमी, म्हणून जास्त आरपीएमला सुद्धा इंजिनचा दम कोंडत नाही. तोटा असा की हेड रुंद आणि जड होतं, त्यामुळे लोक त्याला एलिफंट म्हणायचे आणि ते नाव शोभतंच. ४२६ क्युबिक इंच, म्हणजे ७ लिटर, दोन मोठे कार्ब्युरेटर आणि कंपनीचा आकडा ४२५ हॉर्सपॉवर. तेव्हाचे अमेरिकन आकडे ग्रॉस असायचे, म्हणजे इंजिन बाहेर काढून टेस्ट बेंचवर मोजलेले, म्हणून आजच्या गाडीच्या आकड्याशी थेट तुलना करू नका.

मुळात हे रेसचं इंजिन. १९६४ च्या डेटोना ५०० या मोठ्या अमेरिकन शर्यतीत रिचर्ड पेटी हा ड्रायव्हर याच इंजिनवर जिंकला आणि पहिले तिन्ही नंबर प्लिमथचे आले. पुढच्या वर्षी नॅस्कारने, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने, नियम बदलले, विक्रीच्या गाडीत नसलेलं इंजिन चालणार नाही म्हणून, मग १९६६ ला क्रायस्लरने ते सरळ शोरूमच्या गाडीत घातलं. म्हणून तर रस्त्यावरच्या माणसाला ते मिळालं.

प्रश्न (नागपूर): हेमी कुडा कन्व्हर्टिबल लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, ती किंमत ऐकून डोकं गरगरलं. एवढ्या पैशात खोटी गाडी गळ्यात मारत नसतील कशावरून?

उत्तर: मारतात, म्हणून तर लिहितोय. २०१४ च्या जूनमध्ये सिएटलच्या लिलावात त्या दोन फोर स्पीडपैकी एक ३५ लाख डॉलरला गेली. साध्या इंजिनची कन्व्हर्टिबल घेऊन त्यात हेमी बसवणं अवघड नाही आणि चालवायच्या आनंदासाठी कोणी तसं केलं तर माझी काही हरकत नाही, पण तीच गाडी ओरिजिनल म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आधी चासी नंबर बघायचा. १९७१ च्या खऱ्या गाडीचा नंबर बीएस२७आर१बी असा सुरू होतो: २७ म्हणजे कन्व्हर्टिबल, आर म्हणजे ४२६ हेमी, १ म्हणजे १९७१ आणि शेवटचा बी म्हणजे मिशिगनचा हॅमट्रॅमॅक कारखाना. आरच्या जागी दुसरं अक्षर असेल तर विषय संपला, इंजिन नंतर घातलेलं आहे. मग बॉनेटखालच्या फेंडर टॅगवर, म्हणजे कारखान्याने कोड छापलेल्या पत्र्याच्या पट्टीवर, ई७४ हा हेमीचा कोड शोधायचा, आणि जमलं तर सीट खोलून स्प्रिंगमध्ये बघायचं, कारण गाडी जुळवताना कारखान्यात जो कागद वापरायचे, ब्रॉडकास्ट शीट, तो पुष्कळदा तिथेच अडकलेला सापडतो आणि त्यावर त्या गाडीचा नंबर आणि सगळे ऑप्शन छापलेले असतात.