तीनपैकी दोन सेन्सर चालायला हवेत, एक फेल व्हायची शक्यता ०.०१. बायनॉमियलच्या सूत्राने सिस्टीम किती भरवशाची? चौथा लावू का?

आकडा आधी घ्या. दोन किंवा तिन्ही फेल झाले तरच सिस्टीम गेली, म्हणजे ३ × ०.०१² × ०.९९ + ०.०१³ = ०.०००२९८. दहा हजारात जेमतेम तीनदा. हाच आकडा मी आठ वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कंपनीत रिपोर्टमध्ये लिहून दिला होता, साहेबांनी ऑडिटरला कौतुकाने दाखवलाही.

बॉयलर होता. ड्रममधलं पाणी खाली गेलं की बर्नर बंद, त्यासाठी तीन लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पाण्याची पातळी सांगणारे सेन्सर, पण तिन्ही एकाच टॅपिंगवर, म्हणजे ड्रममधून काढलेल्या एकाच पाइपजोडणीवर! मी म्हणालो वेगवेगळे टॅपिंग घेऊ, तर साहेब म्हणे, "अरे तुझंच गणित आहे ना, तीन-तीन एकदम कसे मरतील? आणि शटडाऊन कोण देणार?" मी गप्प बसलो, ती चूक माझी.

मग एका गुरुवारी, कंपनीला सुट्टी पण बॉयलर चालू, पॅनेलवर तिन्ही आकडे ५२ टक्के, जरासुद्धा हलत नव्हते, फीड वॉटरचा व्हॉल्व्हही त्याच सिग्नलवर त्यामुळे तोही निवांत. आमचे अटेंडंट काका गेज ग्लास, म्हणजे ड्रममधलं पाणी डोळ्यांना दाखवणारी काच, पुसायला गेले तर पाणी तळाशी बोटभर. कुणाला न विचारता त्यांनी बर्नर बंद केला. बॉयलर गार झाल्यावर खालचं टॅपिंग उघडलं, चहाच्या चोथ्यासारखा गाळ.

बायनॉमियलचं सूत्र सेन्सर स्वतंत्र आहेत असं धरून चालतं, पाइप एक असेल तर ते स्वतंत्र कसले? आयईसी ६१५०८ या सेफ्टी सिस्टीमच्या स्टँडर्डमध्ये यासाठी बीटा फॅक्टर आहे, म्हणजे एकूण फेल्युअरपैकी किती सामाईक कारणाने होतात तो वाटा. समजा शंभरातली पाच फेल्युअर सामाईक कारणाने, तर ०.०५ × ०.०१ = ०.०००५, तुमच्या अख्ख्या उत्तरापेक्षा मोठं. चौथा त्याच पाइपवर लावून ते काही कमी होणार नाही, ते पैसे टॅपिंगवर घाला.

हां, तुमचे सेन्सर खरंच वेगळ्या टॅपिंगवर, वेगळ्या सप्लायवर असतील तर वरचं उत्तर बऱ्यापैकी चालेल. आणि ते ०.०१ टेस्टिंग किती दिवसांनी करता त्यावर ठरतं, टेस्ट दुप्पट लांबवलीत तर तेही साधारण दुप्पट, म्हणून नुसतं डेटाशीटमधून उचलू नका.

साहेब आता रिटायर झालेत. मागे कोथरूडला एका लग्नात भेटले, म्हणे तुझ्या गणितातच गडबड होती. मी म्हटलं, साहेब, टॅपिंग एकच होतं. तर म्हणाले, जेवून घे आधी.