मीटर मागवायच्या आधी काळी (मायनसची) वायर बघा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. जुनं ६० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगायचं इंजिन), कन्सोलवर दोन गोल डिजिटल मीटरं, आरपीएम तीन हजारांपर्यंत नीट दाखवून एकदम शून्य, टाकी अर्धी असताना पेट्रोलच्या पट्ट्या फुल. आणि शेवटी प्रश्न, "दोन्ही मीटरं बदलतोय, कुठली घेऊ?" पाच वर्षांपूर्वी मी हेच विचारत फिरत होतो. उत्तर देणारे पुष्कळ भेटले, सगळ्यांनी मीटरांचीच नावं सांगितली. त्या नादात माझे पस्तीस-चाळीस हजार गेले, वर दिवाळीचा सीझन अर्धा बुडाला.

आधीच सांगतो, मी मरीन इंजिनियर नाही. देवबागला पर्यटकांची बोट चालवतो, संगमापर्यंत नेऊन आणतो, डॉल्फिन दिसले तर दाखवतो. खाली लिहिलंय ते माझ्या बोटीवर शिकलेलं आहे. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर मॅन्युअलच खरं. फ्यूज, बॅटरी चार्ज आहे का, हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझं सुरू झालं ते असं. दिवाळीची सुट्टी, बोटीत पुण्याचं कुटुंब. पुढे बसलेला पोरगा म्हणाला, "काका, तुमचं घड्याळ बंद पडलं." बघतो तर आरपीएमचं मीटर विझलंय. क्षणभरात सगळ्या पट्ट्या नि सगळे आकडे ८८८८ असे एकदम उमटले आणि मीटर पुन्हा चालू झालं. पाच मिनिटांनी परत तेच. संध्याकाळी लक्षात आलं की हे बिल्ज पंप (बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा) सुरू होतो तेव्हाच होतं. हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, आणि तरीही मी पुढचा सगळा गाढवपणा केला. चावी फिरवल्यावर ८८८८ दिसतं तसं मध्येच दिसलं, म्हणजे मीटरचा करंट तुटून पुन्हा आला. ते बिचारं नव्याने उठत होतं. बिघडलेलं मीटर सहसा असं वागत नाही.

मी मल्टिमीटर बीपवर (वायर सलग असली की वाजतो त्या सेटिंगवर) लावून सगळ्या वायरी तपासल्या. सगळीकडे बीप. म्हटलं वायरिंग ठणठणीत, म्हणजे मीटर गेलं. ही पहिली चूक. बीपला चिमूटभर करंट पुरतो. वीस तारांची वायर आत कुजून एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. पण पंप, दिवे आणि मीटर तिघांचा करंट त्या एका तारेतून जायला लागला की व्होल्टेज कोसळतं.

मग एका दुकानाला फोन केला. नाव घेत नाही, विचारू नका. काउंटरवरचा गृहस्थ एका दमात म्हणाला, "मीटर गेलं. जुनं मॉडेल आहे, रिपेअर होत नाही." मी पंपाचं सांगायला लागलो तर म्हणे, "पंपाचा आणि मीटरचा काय संबंध, साहेब?" मुकाट्याने साडेअठरा हजार भरले. नवीन मीटर बसवलं, दोन दिवस झकास चाललं. (कनेक्टर काढताना-घालताना घासला गेला म्हणून, हे आता कळतंय.) तिसऱ्या दिवशी पुन्हा ८८८८.

पुन्हा फोन केला, आणि आता खरा घात झाला. तिकडून सल्ला आला, "इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा. इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग ओके." ही जुन्या डिझेल गाड्यांवरची गॅरेजवाल्यांची युक्ती. डायनमो असाच तपासायचे. मलाही पटली, कारण आमच्याकडच्या जीपवर लहानपणी हेच बघितलं होतं.

दादा, आउटबोर्डवर हे कधीही करू नका. सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. चार्जिंग कॉइलमधून येणारा करंट रेग्युलेटरमधून (व्होल्टेज आवरणारा डबा) बॅटरीत जातो आणि बॅटरी तो पोटात घेते. बॅटरीच काढली की जायला जागा नाही, व्होल्टेज उसळतं. कार्ब्युरेटरवालं इंजिन स्पार्क स्वतःच तयार करतं, त्यामुळे ते चालूच राहिलं आणि मी मूर्ख खूश झालो. दहा सेकंद गेले असतील. मीटरचा दिवा एकदम पांढराफेक झाला, मग विझला, आणि कव्हरखालून करपलेल्या लाखेसारखा वास आला. रेग्युलेटर गेला आणि तिसऱ्या दिवसाचं नवीन मीटरही गेलं.

वॉरंटीचं विचारलं तर आधी "पाणी शिरलंय" म्हणाले. मीटर उघडून फोटो पाठवले, आत कोरडं ठणठणीत. मग "हाय व्होल्टेज डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." म्हटलं, हाय व्होल्टेज तुमच्याच माणसाने सांगितलेल्या प्रयोगाने आलं. "असं आमच्याकडून कोणी सांगणार नाही." लेखी द्या म्हटलं, तर फोन उचलणंच बंद. आठ महिने चार-चार ओळींचे मेल लिहिले, शेवटी सोडून दिलं. माझीही चूक आहेच. फोनवरचा सल्ला मेसेजवर मागून घेतला असता तर निदान भांडायला कागद असता. तुम्ही कुठूनही माल घ्या, काय करा म्हणतात ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

शेवटी बोट वर ओढल्यावर, पावसाच्या तोंडावर, कुडाळकडचे एक म्हातारे वायरमन आले. आयुष्य ट्रॅक्टर आणि एसटीच्या वायरिंगवर गेलेलं. मी मीटर, वॉरंटी, रेग्युलेटर सगळं पुराण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काळी खंय जाता ती बघलंस?"

पिशवीतून त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी. एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी मीटरच्या मागच्या काळ्या वायरीला. बल्ब निरांजनाएवढा मिणमिणला. तीच दुसरी वायर थेट बॅटरीच्या मायनसला लावली, लख्ख. बस, निदान झालं. डॅशबोर्डच्या मागे, हात जेमतेम पोचतो अशा जागी, आधीच्या मालकाने बिल्ज पंपाची काळी वायर मीटरच्या काळीला पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली होती. आजोबांनी पट्टी सोडवून वायर जरा ओढली तर प्लास्टिक ताणलं गेलं आणि आतली तार तुटून हातात आली. आत हिरवी भुकटी, पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशी. इंचभर मागे कापलं तरी हिरवंच. दीड फूट कापल्यावर तांबं दिसलं, तेही काळपट.

खारी ओल उघड्या टोकातून आत शिरते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी तारांच्या मधून चढत जाते. म्हणून बोटीला घरची साधी वायर चालत नाही, कलई केलेल्या तांब्याचीच घ्यायची. पातेल्याला कलई का करतात ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं, आपण बोटीवर विसरतो.

आता तुमचं. बीप विसरा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब थेट बॅटरीच्या मायनस खिळ्यावर (वर चढवलेल्या क्लिपवर नको), लाल प्रोब मीटरच्या मागच्या काळ्या वायरीवर. चावी चालू, पंप चालू, दिवे चालू. आकडा ०.१ ते ०.२ च्या आत हवा. माझ्याकडे तो कितीतरी जास्त होता. असाच प्लसच्या बाजूनेही मोजा. यामाहाचं मूळ वायरिंग असेल तर काळी मायनस, पिवळी चावीनंतरचा प्लस, हिरवी आरपीएमची. बऱ्याच अमेरिकी वायरिंगात जांभळी प्लस आणि करडी आरपीएमची असते, त्यामुळे रंगाचा घोळ घालू नका. आणि बॅटरीवर फुलपाखरासारखे हाताने आवळायचे नट असतील तर आजच काढा, पान्याने आवळायचे लावा. लाटांच्या हादऱ्याने ते सैल होतात, आणि भर दर्यात सैल झालेली बॅटरीची वायर म्हणजे मी केलेलाच प्रयोग.

आरपीएम तीन हजारांवर जाऊन शून्य होतो म्हणता. त्याच वेळी बॅटरीवर व्होल्टेज किती येतं? चौदाच्या आसपास असेल तर चार्जिंग ठीक, दोष हिरवी वायर, कनेक्टर किंवा मायनसमध्ये. साडेबाराच्या खालीच अडकलं असेल तर रेग्युलेटर किंवा कॉइलकडे बघा. बऱ्याच आउटबोर्डांत आरपीएमचा सिग्नल चार्जिंगच्याच भागातून येतो, म्हणून दोन्ही एकत्र मरतात. पंधराच्या वर जात असेल तर काहीही नवीन जोडू नका, रेग्युलेटर मोकाट सुटलाय, नवीन मीटर खाईल.

पेट्रोलच्या पट्ट्या. टाकीजवळ ठिणगी नको, हे काम मीटरच्या मागेच करायचं, इंजिनाचं झाकण आणि टाकीवरचं फळकूट उघडून हवा खेळू द्या. टाकीच्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी सांगणारा टाकीतला तरंगता भाग) वायर मीटरपासून काढा. पट्ट्या रिकाम्यावर आल्या तर मीटर चांगलं, फ्लोट अडकलाय किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. काढल्यावरही फुलच राहिल्या तर मीटर युरोपी पद्धतीचं असेल किंवा गेलेलं, आधी मीटर आणि फ्लोटचा मेळ आहे का बघा. अमेरिकी फ्लोट रिकाम्याला २४० ओहम, भरल्यावर ३३. युरोपी बरोबर उलटा, रिकाम्याला १० आणि भरल्यावर १८०. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी मीटरं दोन्ही प्रकारची येतात, खोक्यावर बारीक अक्षरात असतं.

एवढं करून मीटरच गेलं असेल (उन्हाने स्क्रीन काळी पडली आणि थंड झाल्यावरही तशीच राहिली) तर घ्या नवीन. आरपीएमच्या मीटरचं छिद्र बहुधा ८५ मिमी असतं, कापाकापी करायच्या आधी पट्टीने मोजा. बसवल्यावर पल्सची सेटिंग करा, म्हणजे इंजिनाच्या एका फेरीला किती ठोके येतात ते मीटरला सांगा. १२ पोलचं अल्टरनेटर म्हणजे एका फेरीला ६ पल्स. वेंगुर्ल्याच्या आमच्या मित्राने ते ५ वर ठेवलं. खरा आरपीएम ५००० असताना मीटर ६००० दाखवायचं. इंजिन फार फिरतंय समजून त्याने जास्त पिचचा (पाती जास्त तिरकी असलेला) पंखा घेतला, मग बोट वर उचलेना. पंखा आता त्याच्या पडवीत टांगलाय, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो.

आणखी एक, हे बरेच जण विसरतात. जुन्या मीटरमध्ये इंजिन तापलं किंवा ऑइल गेलं याचा दिवा असतो. बाहेरच्या कंपनीच्या मीटरात तो नसेल तर ती वायर लोंबकळत सोडू नका, बझर वाजतो का ते आधी तपासा. आरपीएम न दिसता घरी येता येतं. बझर नसेल तर इंजिन जॅम झाल्यावरच कळतं.

एनएमईए २००० (बोटीवरची उपकरणं एकाच केबलवर जोडायची पद्धत) वाली एकच मोठी स्क्रीन लावावी का, असंही तुम्ही खाली विचारलंय. माझं मत, या वयाच्या इंजिनाला नको. कॉम्प्युटर नसलेलं इंजिन त्या भाषेत बोलतच नाही, मध्ये कन्व्हर्टर घालावा लागतो, म्हणजे खाऱ्या हवेला कुजवायला अजून एक डबा. लावायचंच असेल तर मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) हवाच. पॉवर बंद करून पांढरी आणि निळी या डेटाच्या वायरींत मोजा, ६० च्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एक टर्मिनेटर गायब, ४० आलं तर कोणीतरी तिसरा लावलाय. लोक माझ्याशी भांडतील, भांडोत.

स्पीडचं मीटर शून्य दाखवत असेल तर इंजिनाच्या पायाच्या पुढच्या कडेवरचं बारीक छिद्र वाळूने बुजलंय का बघा. बारीक तारेने उकरा. हवा मारायची असेल तर आधी नळी मीटरपासून काढा, नाहीतर मीटरच फुटेल. आम्ही मोबाइलच्या जीपीएसवर बघतो, सोपं पडतं.

जोडकाम करताना पीळ नको, चिकटपट्टी तर नकोच. क्रिंप (धातूच्या नळीत दाबून जोड) करून आत डिंक असलेली श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. मीटरची मायनस पंपापासून वेगळी, थेट बॅटरीपर्यंत न्या. त्या दीड फुटाच्या जागी मी नवीन वायर ओढली तेव्हा सगळा खर्च चारशे ऐंशी रुपये आला. रेग्युलेटरचे वेगळे, ते अजून पोटात दुखतात. आणि मीटरला उन्हात झाकण हवंच. अर्ध्या किलोच्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण माझ्या मीटरवर नेमकं बसतं.

दुकानाने "गेलं" म्हणून सांगितलेलं माझं पहिलं मीटर पुतण्याच्या बोटीवर आहे, पाच सीझन झाले. तुमची जुनी मीटरं एवढ्यात कोणाला देऊ नका. आधी पंप चालू करून काळ्या वायरीवरचा तो आकडा घ्या आणि इथेच खाली टाका, पॉइंटनंतरच्या दोन अंकांसकट. मग पुढचं बघू.